फॉरेक्स कार्ड, झिरो मार्कअप कार्ड की हातात नोटा? नाशिकहून पहिल्यांदा परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यासाठी तिन्हींचा हिशोब

पासपोर्टची पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, नोटा तिथल्याच करन्सी नोट प्रेसमध्ये. तरीही कॉलेज रोडवर दहा हजार रुपयांचे थाई बाट मागितले की बऱ्याचदा उत्तर मिळतं, "परवा या, मागवावे लागतील." पहिल्या परदेशवारीत तिकीट आणि हॉस्टेल यांवर महिना-महिना खल होतो. पैसे कसे न्यायचे हे मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात आठवतं. मग बँकेत विचारायचं आणि साहेब पुढे करतील ते कार्ड घ्यायचं. ते कार्ड म्हणजे प्रीपेड फॉरेक्स कार्ड, ज्यात परकीय चलन आधीच भरून न्यायचं. आठवड्याभराच्या, हात राखून केलेल्या सहलीला ते महाग पडतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिशोबासाठी एक सहल धरू. मुंबई-बँकॉक, सहा रात्री, विमान आणि राहण्याचं बुकिंग इथूनच झालेलं, तिकडे खर्चायला ९,००० बाट. एका बाटला २.८० रुपये बाजारभाव धरला तर २५,२०० रुपये झाले. बाजारभाव म्हणजे मोबाइलवर शोधल्यावर दिसतो तो. त्या भावाने सामान्य गिऱ्हाइकाला कोणीच परकीय चलन देत नाही. भाव रोज हलतो, म्हणून स्वतःचा हिशोब करताना त्या दिवसाचा आकडा घाला. टक्केवारीत फारसा फरक पडणार नाही.

फॉरेक्स कार्ड

इथे फी दिसते, पण खरा खर्च भावात दडलेला असतो. कार्ड काढायचे साधारण १५० ते ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हे माहितीपत्रकात छापलेलं असतं, आणि कधी "विद्यार्थ्यांना माफ" असंही सांगतात. पण बाट लोड करताना लावलेला भाव बाजारभावापेक्षा दीड ते तीन टक्के चढा असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. अडीच टक्के धरले तर आपल्या २५,२०० रुपयांवर ६३० रुपये इथेच गेले. कार्डाची फी ३०० धरली तर जीएसटीसह ३५४. चलन खरेदीवरचा जीएसटी ४६ च्या आसपास. बेरीज १,०३० रुपये. साधं, कुठलीही सवलत नसलेलं डेबिट कार्ड तिकडे स्वाइप केलं तर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय व्यवहारावर बँक वरून घेते ते शुल्क, आणि त्यावर जीएसटी मिळून ४.१३ टक्के, म्हणजे १,०४१ रुपये जातात. एवढी कागदपत्रं करून अकरा रुपये वाचले!

चलन खरेदीवरच्या जीएसटीची गंमत समजून घ्या. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे करपात्र मूल्य धरतात, पण ते किमान २५० रुपये. त्यावर १८ टक्के. म्हणजे २५ हजारांपर्यंत कितीही घ्या, कर ४५ रुपयेच. आता कोणी "लागेल तसे भरू" म्हणून पाच-पाच हजार रुपये पाच वेळा लोड केले तर दर वेळी ४५, वर बहुतेक बँकांची रिलोड फी वेगळी. कार्ड घ्यायचंच असेल तर एकदाच भरा, आणि कामाच्या दिवशी भरा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, त्यामुळे भावात सुरक्षेची गादी घालूनच देतात.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. प्रत्येक फॉरेक्स कार्डावर बाट असतोच असं नाही. काही बँकांच्या यादीत डॉलर, युरो, पौंड, दिरहम, सिंगापूर डॉलर असतात आणि बाट नसतो. अशा वेळी "डॉलर लोड करा, तिकडे आपोआप बदलतात" असं सांगितलं जातं. बदलतात, पण क्रॉस करन्सी चार्ज लावून. तो साधारण दोन ते साडेतीन टक्के. रुपयाचे डॉलर करताना एकदा कापलं, डॉलरचे बाट करताना पुन्हा. डॉलर लोडिंगला दीड टक्का आणि क्रॉस करन्सीला तीन टक्के धरले, तर फीसकट खर्च दीड हजारावर जातो. म्हणजे साध्या डेबिट कार्डापेक्षाही जास्त. शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा: "या कार्डावर बाटचं वॉलेट आहे का?" नाही म्हणाले तर आभार मानून उठा.

दुसरी अडचण व्यवहारातली. फॉरेक्स कार्ड भारतात, नेपाळमध्ये आणि भूतानमध्ये चालत नाही. त्यामुळे पिन बरोबर आहे का, कार्ड सुरू झालंय का, हे घरी तपासता येत नाही. पिन लॉक झाल्याचं कळतं ते थेट बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाच्या एटीएमपाशी, रात्री दोन वाजता.

उरलेले पैसे परत घेतानाही भाव उलट्या बाजूने कापतात. हजार बाट कार्डावर उरले तर परतीच्या भावात आणखी साठ-सत्तर रुपये जातात, आणि त्यासाठी पुन्हा फॉर्म भरायचा. बरेच जण कंटाळा करून ते तसेच ठेवतात, मग वापर नसल्याची फी हळूहळू ते खाऊन टाकते.

न्याय म्हणून चांगली बाजूही सांगू. भाव लोड केलेल्या दिवशी पक्का होतो. कार्ड चोरीला गेलं तरी मूळ खात्याला हात लागत नाही. घरचे नाशिकहून पैसे भरू शकतात. काही बँका किटमध्ये दुसरं कार्ड राखीव म्हणून देतात. सहा महिन्यांसाठी शिकायला युरोपात जाणाऱ्याला हे सगळं मोलाचं आहे. सहा रात्रींच्या बँकॉकला नाही. या कामासाठी पाचपैकी दोन गुण.

झिरो मार्कअप कार्ड

यात दोन प्रकार येतात. एक डेबिट कार्ड: काही बँका आणि अॅपवाल्या कंपन्या बचत खात्यासोबत देतात, त्यावर परकीय व्यवहाराचा मार्कअप शून्य असतो. दुसरं क्रेडिट कार्ड: विद्यार्थ्याला पगार नाही, म्हणून ते मुदत ठेवीवर मिळतं. ठेव तारण, तेवढीच साधारण मर्यादा. दोन्हींत व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा भाव लागतो. तो बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. अर्धा टक्का फरक धरला तर २५,२०० रुपयांवर १२६ रुपये. हा भाव व्हिसा आणि मास्टरकार्डच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये कोणालाही बघता येतो. बँकेच्या भावात नसलेली ही पारदर्शकता आम्हाला सगळ्यात आवडली.

गडबड होते ती कार्ड हातात यायच्या आधी. व्हिडिओ केवायसीला मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. पॅन नसेल तर आयकर खात्याच्या साइटवर आधारवरून ई-पॅन फुकट आणि लगेच मिळतो, पण काही ठिकाणी केवायसीला तो पुरत नाही, छापील कार्डच लागतं. म्हणजे तेवढे दिवस आणखी धरा. आणि पत्त्याची भानगड: गंगापूर रोडला खोली करून राहणाऱ्या मुलाच्या आधारवर पत्ता सुरगाण्याचा किंवा कळवणचा असतो. कार्ड कुरिअरने तिकडे जातं, आणून देणारा ओळखपत्र आणि ओटीपी मागतो, घरी आजी एकटी. कार्ड परत. ही फेरी दोन आठवडे खाते. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा देता येतो का, ते अर्ज करतानाच बघा, आणि निघण्याच्या दीड महिना आधी अर्ज करा.

कार्ड आल्यावर लगेच भारतातल्या एटीएममध्ये पिन लावून शंभर रुपये काढा. हे जमतं, म्हणूनच हे कार्ड फॉरेक्स कार्डापेक्षा बिनघोर. मग अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मार्च २०२० पासून नवीन कार्डावर तो बंदच येतो. दुकानातलं मशीन, एटीएम, टॅप आणि ऑनलाइन अशी चार बटणं वेगवेगळी असतात. पहिली तीन चालू करा, चौथं बंद ठेवा आणि बुकिंग करायचं तेवढ्यापुरतंच उघडा. बाहेरच्या कित्येक साइट ओटीपी मागतच नाहीत. नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. रोजची मर्यादाही आपणच खाली आणून ठेवायची.

कॉलेजच्या खात्यासोबत मिळालेलं रुपे कार्ड चालेल का, असं हमखास विचारतात. साधं रुपे देशापुरतंच असतं. रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड डिस्कव्हर, डायनर्स यांच्या जाळ्यावर चालतं, पण ते घेणारी मशीन व्हिसा-मास्टरकार्डइतकी सगळीकडे नसतात. यूपीआयचंही तसंच. बँकॉकमध्ये गल्लोगल्ली दिसणारे क्यूआर तिथल्या प्रॉम्प्टपेचे असतात. आपलं अॅप तिथे चालेल असं धरून निघू नका.

आता मशीनवर होणारी फसवणूक. फसवणूकच म्हणतो, कायदेशीर असली तरी. कार्ड लावल्यावर पडदा विचारतो, पैसे बाटमध्ये घेऊ की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, बोट तिकडेच जातं. रुपये निवडले की भाव दुकानदाराच्या बँकेचा लागतो, आणि तो कित्येक टक्के वाईट असतो. झिरो मार्कअपचा सगळा फायदा एका बोटाने गेला. कायम तिथलं चलन निवडा. कधी दुकानदारच न विचारता रुपये दाबतो. पावतीवर रुपयांचा आकडा दिसला तर व्यवहार रद्द करून परत करायला सांगा. घरबसल्याही हेच होतं. परदेशात नोंदवलेल्या बुकिंग साइटवर रुपयांत पैसे भरले तरी कित्येक बँका वर एक टक्का आणि जीएसटी लावतात, "झिरो मार्कअप" लिहिलेल्या कार्डावरसुद्धा. शुल्कपत्रकात हे वेगळ्या ओळीत असतं. ती ओळ वाचा.

एटीएमचं गणित आणखी रोखठोक. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएमवालं मशीनच २२० ते २५० बाट कापतं. आपली बँक कितीही उदार असली तरी हे चुकत नाही. २५० बाट म्हणजे ७०० रुपये. दोन हजार बाट काढायला सातशे रुपये दिले तर साडेबारा टक्के झाले. म्हणून काढायचेच तर एकदाच, मोठी रक्कम, आणि डेबिट कार्डावरून. क्रेडिट कार्डावर रोख काढली की रोख काढण्याची फी लागते आणि बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज.

हॉस्टेलने अनामत म्हणून डेबिट कार्डावर रक्कम अडवली तर ती सुटायला दोन-तीन आठवडेही लागतात. खात्यात मोजकेच पैसे असतील तर अनामत रोख द्या किंवा ठेवीवरचं क्रेडिट कार्ड पुढे करा. काही हॉस्टेलं आणि छोटी दुकानं कार्डाने द्यायचे म्हटलं की तीन टक्के वर मागतात. तिथे नोटा.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो कार्ड पोहोचवण्याच्या घोळासाठी, आणि काही बिघडलं तर नाशिकमध्ये जाऊन टेबलावर हात आपटायला कोणी नसतं, सगळं चॅटवर.

शरणपूर रोड-कॉलेज रोडचे चलन काउंटर

रोख लागतेच. रस्त्यावरचं खाणं, साँगथ्यू (तिथल्या शेअर गाड्या), छोटी दुकानं, बाजार हे सगळं नोटांवर चालतं. विमानतळावरून शहरात येणाऱ्या एअरपोर्ट रेल लिंकचं फाया थाईपर्यंतचं तिकीट ४५ बाट. भुयारी मेट्रोत, म्हणजे एमआरटीत, मात्र व्हिसा-मास्टरकार्ड थेट टॅप होतं.

आपल्याकडच्या काउंटरवर डॉलर सहसा लगेच मिळतात, बाटचा साठा कमी. कमी खपणाऱ्या चलनावर मार्जिन जास्त ठेवतात. "बाटचा भाव काय?" असं विचारू नका. "चार हजार बाट हातात द्यायचे तर सगळं धरून किती रुपये?" असं विचारा. म्हणजे जीएसटी आणि सेवा शुल्क मागाहून निघत नाही. तोच आकडा दोन-तीन ठिकाणी फोनवरून घ्या. भाव सांगायला कोणी नकार देत नाही, आणि दुसरीकडचा आकडा सांगितला की थोडंफार उतरतातही.

चार हजार बाटचे बाजारभावाने ११,२०० रुपये. काउंटरने तीन टक्के घेतले तर ३३६, वर जीएसटी ४५. एकूण ३८१ रुपये. एटीएमच्या सातशेपेक्षा स्वस्त. सहा टक्के मागितले तर ७१७, म्हणजे एटीएमच्या बरोबरीला आले. त्यामुळे चार हजार बाटसाठी ११,९०० रुपयांच्या वर कोणी सांगितलं तर सोडून द्या. त्यापेक्षा शंभर डॉलरची एक कोरी नोट घ्या आणि बँकॉकमध्ये बदला. सुवर्णभूमीच्या तळमजल्याखाली, रेल लिंक स्टेशनजवळ चलन बदलणारी दुकानं आहेत. वर सामान घेण्याच्या जागेपाशी असलेल्या बँकांच्या खिडक्यांपेक्षा त्यांचा भाव बराच बरा. शंभराच्या नोटेला दहा-वीसच्या नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. नोटेवर पेनची रेघ, शिक्का किंवा फाटका कोपरा असेल तर घेत नाहीत, म्हणून काउंटरवरच नोट उजेडात धरून बघा आणि वाईट असेल तर बदलून मागा. घडी न घालता पासपोर्टच्या पानांत ठेवा.

जाताना पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसा लागत असेल तर व्हिसा. ए-२ हा चलन खरेदीचा फॉर्म तिथेच भरून घेतात. प्रवासाच्या साठ दिवस आधीपासून चलन मिळतं, त्याआधी नाही. पन्नास हजार रुपयांपर्यंत रोख देता येते. आपला व्यवहार तेवढ्यातच बसतो. बँकेतून पैसे देणार असाल तर स्वतःच्या खात्यातून द्या. वडिलांच्या खात्यातून आलेलं पेमेंट काही ठिकाणी अडवतात आणि मग दिवस फुकट जातो. भिंतीवर रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला असावा, आणि व्यवहाराचं बिल मिळालंच पाहिजे. "बिलाशिवाय वीस पैसे कमी लावतो" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. खोटी नोट निघाली किंवा उरलेलं चलन परत करायचं झालं तर हातात कागदच नाही.

टीसीएसची, म्हणजे विकणाऱ्याने जागेवरच वसूल करायच्या आयकराची, भीती घालणारेही भेटतात. आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत चलन घेतलं तर टीसीएस नाही. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. म्हणून विमान, हॉस्टेल आणि चलन वेगवेगळं घेणाऱ्याचे पैसे तिथे अडकत नाहीत.

काउंटरना पाचपैकी तीन, आणि तेही भाव करणाऱ्यालाच. मुंबई विमानतळावर मात्र चलन बदलूच नका. तिथले भाव घाईत असलेल्या माणसासाठी लावलेले असतात.

मग न्यायचं काय

चार हजार बाट रोख, उरलेले पाच हजार बाट झिरो मार्कअप कार्डावरून स्वाइप. खर्च ३८१ अधिक ७०, म्हणजे ४५१ रुपये. फॉरेक्स कार्डाच्या निम्म्याहून कमी, आणि फॉरेक्स कार्डाच्या त्या हिशोबात एटीएमचा कट धरलेलाच नव्हता. कार्ड दोन हवीत, एक डेबिट आणि एक ठेवीवरचं क्रेडिट, एक पाकिटात तर दुसरं सॅकच्या तळाशी. एकच असेल आणि मशीनने गिळलं तर सहल तिथेच संपली. सिमचं रोमिंग निघण्याआधी चालू करून ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि अॅपही नव्याने लॉगिन मागत बसेल.

थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म १ मे २०२५ पासून सगळ्यांना भरावा लागतो. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी साइटवर, फुकट. शोधल्यावर पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट वर येतात. कार्डाचा नंबर तिथे टाकू नका. व्हिसा माफीचा नियम मधूनमधून बदलतो, तो तिकीट काढायच्या दिवशीच दूतावासाच्या साइटवर बघा. इमिग्रेशनला पुरेसे पैसे असल्याचं दाखवायला सांगू शकतात. कार्डातल्या पैशांसाठी खात्याचं विवरणपत्र छापून जवळ ठेवा, कारण मोबाइलचं नेट तिथे लागेलच असं नाही.

परतीच्या प्रवासासाठी दीड हजार रुपये वेगळे काढून ठेवा. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत सोबत नेता-आणता येतात. विमान मुंबईच्या टर्मिनल दोनला उतरलं तर भुयारी मेट्रोने मरोळ नाका एकच स्टेशन, तिथून घाटकोपरची मेट्रो, मग लोकलने ठाणे किंवा कल्याण आणि पुढे नाशिकरोडची गाडी. मध्यरात्री मेट्रो बंद असते. आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे जाताना आणि येताना दोन्हीकडे बघा.

उरलेल्या नोटा दोन हजार डॉलरच्या मोलापर्यंत पुढच्या वेळेसाठी घरात ठेवायला परवानगी आहे. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत विकाव्या लागतात. पाचशे-सातशे बाट इथल्या काउंटरवर विकण्यात अर्थ नाही, भाव फारच पडका मिळतो; पुढच्या वर्षी जाणाऱ्या मित्राला बाजारभावाने द्या. नाणी इथे कोणीच घेत नाही. ती सुवर्णभूमीच्या दुकानात पाण्याच्या बाटलीवर संपवून या.